न्हाणी मागणारी बाई

देवाकडं वर मागणाऱ्याची फजिती होते, ही गोष्ट जगात ज्यानं कोणी पहिल्यांदा सांगितली, त्याच्या घरी न्हाणी असणार. तिला आतून कडी लागत असणार, आत ऊन पाणी काढून ठेवलेलं असणार आणि ते दुसऱ्याच कोणीतरी तापवलेलं असणार. मागू नका, मागण्यात काही अर्थ नाही, हे शहाणपण पोट भरलेल्यालाच सुचतं.

माझ्या नातवंडांना अशा गोष्टी फार आवडतात. देव प्रसन्न होतो, माणूस घाईघाईत भलतंच मागून बसतो, नाकाचं वांगं होतं, घरात म्हशी पडतात, आणि मुलं गडाबडा लोळतात. मुलांनी हसावं, माझं काही म्हणणं नाही. पण शेवटी सून म्हणते, ‘बघा बाळांनो, म्हणून आहे त्यात समाधान मानावं,’ आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. सुनेला वाटतं, म्हातारीचा गुडघा धरला असेल.

साखरखेर्ड्याजवळचं एक लहानसं गाव, ते माझं माहेर. महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचा जिल्हा आधी नागपूरवाल्यांकडे, मग मुंबईवाल्यांकडे असा फिरून शेवटी जागेवर आला होता आणि ओसरीवरचे पुरुष त्यावर तासन् तास बोलायचे. आमच्या घरच्या बायका मात्र या सगळ्या राज्यांत एकाच ठिकाणी आंघोळ करत आल्या होत्या. परसात गोठ्याच्या भिंतीला लागून एक बाज उभी करायची, तिच्यावर गोणपाट टाकायचं, झाला आडोसा. तोही एकाच बाजूनं. बाया पहाटे अंधारात उठायच्या, अंगावरच्या लुगड्यासकट पाणी ओतून घ्यायच्या आणि कोणाचं खाकरणं ऐकू आलं की ओल्या अंगावर सुकं लुगडं गुंडाळून आत पळायच्या. पुरुष विहिरीवर भर उन्हात आंघोळ करायचे, मोटेचं पाणी डोक्यावर घेत, अभंग म्हणत, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असे. त्यांना कोणी कधी घाई केली नाही.

घरात चालायचं ते मोठेबाबांचं. मोठेबाबा म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. वांगी, मिरची, कांदा पिकवायचे, बाजारात स्वतः बसायचे आणि बोलण्यात गिऱ्हाईक गुंडाळायचे. अशा माणसाबद्दल लिहिताना ‘तसे ते मनानं वाईट नव्हते’ असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

गोष्टी सांगाव्यात तर त्यांनीच, हे मात्र मला कबूल करावं लागतं. उन्हाळा संपत आला की पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा हातानं फोडाव्या लागत, कारण बियाण्याचा दाणा फुटून चालत नाही. दुपारी घरच्या आणि शेजारच्या बाया पडवीत शेंगांचे ढीग घेऊन बसायच्या आणि मोठेबाबा खांबाला टेकून गोष्ट सुरू करायचे. गोष्टीला हुंकारा लागतो. सांगणारा थांबला की ऐकणाऱ्यानं ‘हाव’ म्हणायचं, त्याशिवाय गोष्ट पुढं जात नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. इतर घरांत एखादी म्हातारी सगळ्यांच्या वतीनं हुंकारा देई. आमच्या घरी तो प्रत्येकीनं द्यायचा असा मोठेबाबांचा दंडक होता, आणि नुसतं ‘हं’ त्यांना चालत नसे. भरल्या तोंडानंही ‘हं’ म्हणता येतं. ‘हाव’ म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि उघड्या तोंडात दाणा दिसतो. बियाणं राखायची अशी युक्ती दुसऱ्या कोणाला सुचली नसती. बाया समजत होत्या की हा भला माणूस आपली करमणूक करतोय.

माझी माय पडवीत नसे. मोठेबाबा तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढं तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर मधे एखादं लेकरू उभं करून त्याला सांगायचं. ती मधल्या घराच्या, म्हणजे माजघराच्या, दाराआड, उंबऱ्याला पाठ लावून बसायची आणि तिथून तिचा ‘हाव’ यायचा. लग्न होऊन आल्यापासून ती त्या माणसाला एवढा एकच शब्द बोलली होती, आणि तोही त्याच्या गोष्टीला.

गोष्टी सगळ्या वर मागणाऱ्यांच्या. एका बाईनं विहिरीतल्या आसरांना, पाण्यातल्या त्या देवींना, म्हटलं, पाणी वाहून माझी कंबर मोडली, पाण्यानं आता आपल्या पायानं घरी यावं. आसरा म्हणाल्या, जा, येईल. बाई वळली तर विहिरीतलं सगळं पाणी काठ चढून शेळीसारखं तिच्या मागं. ती थांबली की थांबे, ती वळली की वळे. घरात शिरलं, चुलीत बसलं, पिठाच्या डब्यात गेलं, सासऱ्याच्या पागोट्यात जाऊन निजलं. नवऱ्याची बाज तरंगत तरंगत वेशीपर्यंत गेली. वेशीवरचा जागल्या विचारतो, ‘मालक, कुठं निंगाले एवढ्या रातचे?’ आणि मालक बाजेवरून हात जोडून म्हणतो, ‘माह्या बायकोले इचार बाप्पा, मले काईच मालूम नाई!’ मोठेबाबा स्वतः खांबाला धरून तरंगून दाखवायचे. बाया हसून हसून डोळे पुसायच्या. शेवटी ती बाई विहिरीवर नाक घासते, पाणी परत जातं, आणि ती मुकाट्यानं डोक्यावर दोन घागरी घेऊन चालू लागते.

पुरुषांच्याही गोष्टी असत. एका आळशी माणसानं मागितलं, नांगरानं आपलं आपण नांगरावं. नांगर सुटला तो थांबेना. शेत झालं, रस्ता झाला, शेजाऱ्याचं अंगण झालं, न्हाव्याची हजामतीची जागा झाली, पुढं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन पळतंय आणि मागं नांगर. शेवटी नांगर पाटलाच्या वाड्यात शिरला आणि जमिनीतून सोन्याचा हंडा वर आला.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. मी विचारलं, ‘मोठेबाबा, गड्याले सोनं भेटलं, अन् बाईले काऊन काईच नाई?’

‘बाईले सोनं कायले पाह्यजे, पोरी? तिचा संसार तेच तिचं सोनं.’

‘हाव,’ बाया म्हणाल्या. त्यांचा हात शेंगांवर होता आणि जीभ सवयीची होती. मला तो ‘हाव’ तेव्हाही सहन झाला नाही. मी पुढचे सगळे दाणे मुद्दाम फोडून टाकले.

त्याच उन्हाळ्यात आमच्या शेजाऱ्यानं माडी चढवली. माडीला खिडकी ठेवली, ती नेमकी आमच्या परसावर. आता उभ्या बाजेचा काही उपयोग राहिला नाही. वरून सगळंच दिसे. मायनं बापाला सांगितलं, चार भिंती घाला, वर काही नसलं तरी चालेल, माझं एक जाऊ द्या, पण पोरगी मोठी होऊन राहिली आहे. ती पोरगी म्हणजे मी. मी भाकरी खात होते, आणि त्या बाजेमागं आता मलाही जायचं आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

बापानं मोठेबाबांना सांगितलं. कसं सांगितलं असेल, ते मला डोळे मिटूनही दिसतं. जमिनीकडं बघत, ‘घरात म्हणतात,’ असं म्हणून. मोठेबाबांनी ना हो म्हटलं, ना नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते खांबाला टेकले आणि त्यांनी गोष्ट सुरू केली.

‘एक बाई होती.’

‘हाव.’

‘तिले लाज लय.’

‘हाव.’

‘रोज वेशीवरच्या म्हसोबाले म्हने, देवा, मले आडोसा दे. आंग धुताना मी कोनाले दिसू नको.’

इथं दोन-तीन बायांनी मान वळवून मधल्या दाराकडं पाहिलं. न्हाणीची गोष्ट घरातून गल्लीत गेली होती तर. मोठेबाबांनीच नेली असणार.

‘म्हसोबा रोज आयकून आयकून तरासला. म्हने, जाय, आजपासून तू कोनालेच दिसनार नाई. ना आंग धुताना, ना भाकर थापताना.’

आणि मग सुरू झाली फजिती. नवरा घरी येतो तर काठवटीत भाकरी आपोआप थापली जातेय, तव्यावर आपोआप उलटतेय. तो ओरडत बाहेर पळतो. भगताला आणतात. भगत लिंबाचा पाला घेऊन घरभर झोडपत सुटतो, तर पाला त्याच्याच हातातून ओढला जातो आणि त्याच्याच पाठीत बसतो. कासारीण बांगड्या भरायला बसते आणि बांगड्या हवेतच चढताना बघून टोपली टाकून धूम ठोकते. नवरा दमून बाजेवर बसतो तो नेमका बायकोच्या अंगावर. गावात बोभाटा होतो, बाई पळून गेली. मग नवऱ्याला दुसरी बघायला जातात, पाहुणे घरी येतात, आणि त्या पाहुण्यांना चहा ती न दिसणारी बायकोच आणून ठेवते. कपबशी हवेतून चालत येते, पाहुणे बशीला नमस्कार करतात.

बाया लोळत होत्या. मोठेबाबांनी बशीला नमस्कार असा काही केला की मीसुद्धा हसले असते. पण मी दाराजवळ होते, आणि मला मायचे हात दिसत होते. ती शेंगा फोडत होती, एकही दाणा न मोडता.

‘मंग ते बाई म्हसोबापाशी रडत गेली. म्हने, देवा, मले दिसू दे, मी आयुष्यभर उघड्यावर आंग धुईन. म्हसोबा म्हने, आता कसं! अन् तवापासून त्या बाईनं आडोसा मांगतला नाई.’

हशा थांबेना. मोठेबाबांनी तो थांबू दिला, मग दाराकडं बघून म्हणाले, ‘आतून हुंकारा येऊन नाई राह्यला. आत कोनी दाने खाऊन राह्यलं का?’

पुन्हा हशा. मी मायकडं पाहिलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

‘त्यायले इचार,’ ती मला म्हणाली. आवाज बेताचा, पण पडवीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. ‘ते बाई दिसत नव्हती, तवा सैपाक कोन करे?’

सगळ्यांनी ऐकलं होतं, तरी मी उंबऱ्यावर उभी राहून विचारलं. रीतच होती ती. ‘मोठेबाबा, माय इचारते, सैपाक कोन करे?’

‘तेच करे,’ मोठेबाबा म्हणाले. अजून हसत होते.

‘अन् पानी कोन भरे?’

‘तेच भरे.’

‘त्यायले इचार, मंग नवऱ्याले कमी काय पडलं होतं? दुसरी कायले पाह्यत होता?’

मी विचारलं. एका बाईनं पदर तोंडात कोंबला. मोठेबाबांनी पान जुळवायला घेतलं, म्हणजे ते ऐकत नव्हते असं झालं. माय थांबली नाही. ती आतून एकेक वाक्य सांगत गेली आणि मी बाहेर ते मोठ्यानं म्हणत गेले. अशी गोष्ट मी पुन्हा कधी सांगितली नाही. मायचं म्हणणं होतं की भासऱ्यांना शेवट चुकीचा ठाऊक आहे. ती बाई म्हसोबाकडं रडत गेलीच नाही. ती भर दुपारी पुरुषांच्या विहिरीवर गेली. पुरुषांची धोतरं काठावर होती, ती तिनं बाजूला सारली. बादली आपोआप वर येताना बघून पुरुष जे पळाले, ते धोतरं घ्यायलाही थांबले नाहीत. बाईनं उन्हात बसून पोटभर आंघोळ केली. घरी येऊन जावेला सांगितलं. जाऊ म्हसोबाकडं गेली, जावेची बहीण गेली, आणि आठवड्याभरात गावात एक बाई दिसेना. चुली पेटायच्या थांबल्या.

‘अन् मंग गावातल्या गड्यायनं काय केलं?’ मायनं आतून विचारलं.

‘अन् मंग गड्यायनं काय केलं?’ मी बाहेर म्हटलं.

‘घरोघरी न्हानी बांधली. वेशीवर गेले, हात जोडले, अन् म्हनले, बायाहो, दिसा आता!’ माय आतून म्हणाली आणि मी बाहेर.

सगळ्यांत आधी हसली ती मोठीमाय, मोठेबाबांचीच बायको. ती इतक्या जोरात हसली की तिच्या तोंडातून भुईमुगाचे दाणे उडून पार खांबापर्यंत गेले. बिचारी एवढी वर्षं दाणे गालात धरून ‘हाव’ म्हणायला शिकली होती. मग जो हशा झाला, तो आधीच्या हशासारखा नव्हता. मोठेबाबांनी पान तोंडात घातलं, चुना जास्त झाला म्हणून थुंकलं आणि चपला घालून शेताकडं निघून गेले.

संध्याकाळी बापाला बोलावून म्हणाले, ‘तुह्या बायकोले तोंड फुटलं.’ त्यावर माझा बाप काय म्हणाला, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं. काहीच म्हणाला नाही. घरात येऊन मायला तेवढं विचारलं, ‘कायले बोलली?’

‘मी कुठी बोलली? पोरगी बोलली,’ माय म्हणाली, आणि तिनं त्याला वाढलं.

न्हाणी झाली नाही, हे वेगळं सांगायला नको. उलट झालं असं की पावसाळ्याच्या तोंडावर मोठेबाबांनी परसातली ती बाज उचलून शेतात नेली. राखणीला लागते म्हणाले. घरात आणखी बाजा होत्या, पण त्या ना राखणीला चालत, ना परसात न्यायला मिळत. मग पहाटे एक जाऊ लुगड्याची दोन टोकं धरून उभी राहायची आणि दुसरी त्याच्याआड पाणी घ्यायची. पावसात, चिखलात, पुढं थंडीत. मोठीमाय आणि माय. मोठीमायनं नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. त्या घरात भित्रे नुसते पुरुषच होते असं नाही.

गोष्टीतल्या देवाचं निदान एक बरं असतं. तो चुकीचं देतो, पण देतो. आमच्याकडं मागितल्यावर होतं तेही गेलं.

मग चुलत बहिणीचं, मोठेबाबांच्या लेकीचं, लग्न जमत आलं. मुलाकडचे मेहकरचे, दुकानदार माणसं. मुलाची आई, मावशी, आत्या मुलगी बघायला येणार आणि मुक्काम करणार असं कळलं. मोठेबाबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की शहरातल्या बाया उघड्यावर आंघोळ करणार नाहीत. ज्या माणसानं पावसाळाभर चार भिंतींसाठी दमडी काढली नाही, त्यानं आठ दिवसांत न्हाणी उभी केली. विटांच्या भिंती, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, पत्र्याचंच दार आणि दाराला आतून कडी. शेजाऱ्याच्या खिडकीकडं हात करून ते गवंड्याला म्हणाले, ‘वरून पत्रा टाकजो बाप्पा. लोकायच्या लेकी-सुना हायेत, कोनी पाह्यलं तर आपली इज्जत जाईन.’

मी तिथंच विटा उचलून देत होते. लोकांच्या लेकी-सुना! मला वीट त्यांच्या पायावर टाकावीशी वाटली. मी ती गवंड्याच्या हातात दिली.

पाहुण्या आल्या. मायनं त्यांच्यासाठी पाणी तापवलं, घंगाळी भरून न्हाणीत ठेवली, बाहेर उभी राहून आणखी पाणी देत राहिली. एकेक बाई कडी लावून आत जायची आणि सावकाश बाहेर यायची. मायचा चेहरा त्या दोन दिवसांत इतका उजळला होता की पाहुण्यांना वाटलं, हीच मुलीची आई. पाहुण्या मोटारीत बसून गेल्या. मायनं न्हाणीची फरशी घासून धुतली, कोपऱ्यात कोनाडा होता त्यात शिकेकाईची वाटी ठेवली आणि मला म्हणाली, ‘झाली बाप्पा आपली.’

दोन दिवसांनी पहाटे ती बंब पेटवून, पाणी घेऊन गेली तर न्हाणीला बाहेरून साखळी. आत पत्र्यापर्यंत वाळल्या मिरच्यांची पोती. मोठेबाबांनी आदल्या संध्याकाळी गडी लावून भरून घेतली होती. त्यांना म्हणे एवढी कोरडी, पत्र्याची, फरशीची जागा घरात दुसरी नव्हती.

सकाळी मायनं मला पुढं उभं केलं. ‘त्यायले सांग, न्हानीत मिरच्या हायेत.’

‘तुह्या मायले सांग, मिरचीले ओल चालत नाई,’ मोठेबाबा म्हणाले.

‘अन् बाईले चालते का, इचार.’

मी विचारलं. ते हसले. ओसरीवर दोन माणसं बसली होती, त्यांच्याकडं बघून म्हणाले, ‘घ्या, आता नवी गोष्ट तयार झाली. बाईनं न्हानी मांगतली, अन् न्हानी भेटली मिरचीले!’ ती माणसं हसली. माझा बाप तिथंच विळ्याला धार लावत होता. तोही थोडा हसला. मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. मोठेबाबा गेले, बाप गेला, ती माणसंही गेली असतील, पण राग तसाच आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मायनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली, बंब पुन्हा पेटवला. मग भर दुपारी, पुरुष ओसरीवर आडवे झालेले असताना, परसात गेली आणि तिनं साखळी काढली. मिरचीचं पोतं दिसायला मोठं असतं, वजनाला काही नसतं. एकेक पोतं ओढून ती परसात टाकत गेली. दोन पोत्यांची तोंडं सुटली, लाल मिरच्या मातीत पसरल्या. शेजारच्या माडीच्या खिडकीत एक डोकं आलं. मायनं वर पाहिलं आणि पुढचं पोतं ओढलं. मी धावले तर म्हणाली, ‘बंबातलं पानी आन.’

मी पाणी आणलं. ती आत गेली, कडी लावली. मी दाराला पाठ लावून बाहेर बसले. आतून शिंका ऐकू येऊ लागल्या. मिरचीचा खकाणा भिंतींना बसला होता, फरशीवर साचला होता, पाणी पडलं तसा उठला. एकामागून एक शिंका. मग दाराची कडी वाजली आणि मायचा हात बाहेर आला. ‘आत ये. पाठ घासून दे.’

मी आत जाऊन पुन्हा कडी लावली. आधी काही दिसेना, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग पत्रा आणि भिंतीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मला ती दिसली. तिनं लुगडं पूर्ण सोडलं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सोडलं असेल. कमरेला जिथं गाठ बसते, तिथं सगळीकडून कातडं काळं पडलं होतं आणि मधे मधे सोलून लाल झालं होतं. वर्षानुवर्षं ओल्या अंगावर सुकं लुगडं गुंडाळून पळत होती ती. पाठीवर घामोळ्यांवर घामोळी, मधला भाग जिथं हात पोचत नाही तिथं मळाचा थर. माझी माय घरातली सगळ्यांत स्वच्छ बाई, तिच्या भांड्यांत तोंड दिसे. आणि तिची पाठ अशी होती.

मी कापडाचा बोळा घेतला. पाण्याला मिरचीचा लाल रंग आला होता. मी पाठ घासली, हात खाली कमरेपाशी आला तशी ती शहारली.

‘झोंबते?’ मी विचारलं.

‘झोंबते.’

‘मंग थांबू?’

‘नोको. घास.’

बाहेर पोत्यांवर कोणाचा तरी पाय पडल्याचा आवाज आला आणि मग मोठेबाबांचा. ‘मिरच्या कोनं टाकल्या बाहेर? आत कोन हाये?’ पत्र्याचं दार धडाधड वाजायला लागलं. मी मायकडं पाहिलं, मला वाटलं आता ती मला बाहेर पाठवून काहीतरी सांगायला लावणार. तिनं माझा हात धरला, मला फरशीवर खाली बसवलं, माझ्या अंगातलं पोलकं काढलं आणि उरलेलं ऊन पाणी माझ्या खांद्यावर ओतलं.

‘हळूहळू धुय,’ ती म्हणाली. ‘घाई नाई करावं.’